ऊब आहे, विस्तव नाही

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा भरताची वांगी बाजारात यायला लागलेली असतील, आणि आमच्या जळगाव-धुळे जिल्ह्यांतली शहाणीसुरती माणसं वेड्यासारखी वागायला लागलेली असतील. एरवी घरात उदबत्ती लावतानाही खिडकी बंद करणारा माणूस हिरवी लांबट वांगी बघितली की अंगणात, गच्चीत, गोठ्याच्या तोंडाशी, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे कपाशीच्या वाळक्या काड्या रचतो आणि आगपेटी काढतो. मी एकतीस वर्षं आगीच्या बंबावर काढली. त्यातली बरीचशी थंडी या भरीत पार्ट्यांनी खाल्ली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खानदेशात भरताचं वांगं गॅसवर भाजणं म्हणजे त्या वांग्याचा अपमान. ते उघड्यावर, कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायचं. त्याला तेलाचा हात लावायचा, सुरीने टोचे मारायचे, नाहीतर ते फुटून तोंडावर येतं. मग बडजीत, म्हणजे लाकडी लांबट भांड्यात, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ते ठेचायचं. केळीच्या पानावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि हे भरीत. चवीबद्दल माझी काही तक्रार नाही. मीही खाल्लंय, नको तितकं खाल्लंय.

तक्रार जाळाबद्दल आहे. कपाशीची काडी हलकी, पोकळ, आगपेटीच्या एका काडीत पेटते. बाभळीच्या लाकडासारखी ती दमाने जळत नाही, भडकते. त्यातून वेचणीत राहून गेलेल्या बोंडांमध्ये थोडा थोडा कापूस अडकलेला असतो. तो पेटला की बोंड सुटतं आणि हवेत सोडलेल्या कागदी कंदिलासारखं तरंगत जातं. कुठे बसेल ते त्याचं त्याला माहीत. शेजारच्या कडब्यावर बसेल, वाळत घातलेल्या गोधडीवर बसेल. हे मी लोकांना किती वेळा सांगितलं याची मोजदाद नाही. सगळ्यांचं उत्तर एकच असतं. "वारा नव्हता हो!" प्रत्येक जळक्या अंगणात मी हे ऐकलंय. कधी कधी वाटतं, खानदेशातला वारा आम्हीच बंबातून घेऊन जात असू.

नोकरीची पहिली काही वर्षं धुळ्याला एका गिरणीच्या बंबावर होतो. गावात जास्त गडबड झाली की आम्हालाही पाठवत. एकदा भर दुपारी देवपुरातून वर्दी आली. वर्दी म्हणजे आगीची खबर. पांझरा नदी ओलांडून घंटा वाजवत गेलो. एका मास्तरांनी गच्चीवर वांगी भाजायला घेतली होती. काड्या दमट निघाल्या म्हणून वरून रॉकेल ओतलं. गच्चीवरच घरातल्या सगळ्या गाद्या ऊन खायला टाकलेल्या. पुढचं सांगायला नको. आम्ही पोचेपर्यंत शेजारच्या बायकांनी बादल्या ओतून सगळं शांत केलं होतं. जिन्यात एक अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सगळी आग विझल्यावर आता कशाला आलात, असं त्यांनी अहिराणीत विचारलं.

"आग तं बठ्ठी इझी गयी. आते काय उनात? जेवाले का?"

मास्तर मात्र लाजलेले नव्हते. अर्ध्या जळलेल्या गादीशेजारी उभे राहून म्हणाले, "चार वांगी वाचली आहेत. आला आहात तर दोन घास खाऊनच जा." मी चिडलो. म्हटलं, "मास्तर, रॉकेल कशाला ओतलंत?" तर म्हणतात, "चूक झाली खरी. भरताला वास लागतो." घर पेटलं असतं त्याचं काही नाही, भरताला वास लागतो! आमचे ड्रायव्हर युसूफभाई तोवर पानावर बसले होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला, "वास नाही लागला, मास्तर."

असे किस्से आणखी पुष्कळ आहेत. एकाने पोर्चमध्ये स्कूटरशेजारी जाळ केला, आणि आम्ही गेल्यावर पहिला प्रश्न विचारला की स्कूटर रंगवून मिळेल का. एकाने साखरपुड्याच्या कापडी मांडवात चूल मांडली, कारण उन्हात पाहुण्यांना त्रास झाला असता. हे सांगितले की लोक हसतात. मीही हसत आलो आहे. संपादकांनी मला असेच गमतीचे अनुभव लिहायला सांगितले होते आणि मी कबूलही केलं होतं. पण मला जे लिहायचंय ते दुसरंच आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे हसणं मला आता पचत नाही.

जाळ सगळ्यांना दिसतो. जाळाने लागलेली आग लोक विझवतातही. खरी भीती असते ती जेवणं झाल्यानंतरची. वांगी भाजून होतात, मंडळी पानावर बसतात, आणि मागे एक पांढरा ढीग राहतो. राख वरून गार होते, आत जिवंत असते. सकाळी भाजलेल्या वांग्याची राख दुसऱ्या दिवशी दुपारी पेटलेली मी पाहिली आहे. म्हणून तिच्यावर पाणी ओतायचं, काठीने उलथायची, पुन्हा ओतायचं, मग हाताची पाठ जवळ नेऊन बघायची. तळहात नाही, पाठ. कष्टाच्या माणसाचा तळहात निबर असतो, त्याला खरं कळत नाही. ऊब लागली तर आणखी पाणी. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे?

न समजण्यासारखं काही नाही, पण अडचण आहे. आमच्याकडे ही राख हवी असते. कपाशीच्या काडीची राख मऊ असते. भांडी घासायला तिच्यासारखं दुसरं काही नाही असं प्रत्येक घरातली बाई सांगेल. आणि राख ओली झाली की तिचा चिखल होतो. म्हणून पाण्याची बादली समोर असूनही भरताच्या राखेवर कोणी पाणी ओतत नाही. कोरडीच भरून ठेवतात.

हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी तेव्हा धुळे सोडून यावल-सावदा पट्ट्यातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर होतो. लीडिंग फायरमन, म्हणजे बंबावरच्या चार माणसांचा मुकादम. नगरपालिकेचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. तिथून तीन मैलांवरच्या गावात माझे मोठे चुलतभाऊ वसंतआबा राहत. केळीचे बागायतदार, थोडी कपाशी. गावाला लागून त्यांचं खळं होतं. तिथे बैल, काड्यांची मोठी गंजी, आणि एका झोपडीत त्यांचा सालदार गुलाब आणि त्याची बायको. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. गुलाब चोपड्याच्या बाजूच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. त्याची बोली आमच्या गावापेक्षा वेगळी, त्यामुळे गावातले लोक त्याची नक्कल करत. तो हसायचा. कामाला वाघ आणि तोंडाने मुका, असं आबा त्याचं वर्णन करत.

त्या रविवारी मला सुट्टी होती. आबांनी खळ्यात भरीत केलं आणि मला बोलावलं. पंचवीस-तीस माणसं होती. जाळावर मीच बसलो. लोक म्हणाले, "आता काय भीती, बंबच जेवायला आलाय!" मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. मी काड्या गंजीपासून लांब रचायला लावल्या, वारा बघितला, बोंडं झटकून घेतली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं, आणि करताना प्रत्येकाला ऐकू जाईल असं बोललो.

जेवणं झाली. गुलाब दोन बादल्या भरून राखेशी येऊन उभा राहिला.

"भाऊ, पानी टाकू का?"

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात वहिनी, म्हणजे आबांची बायको, पदर खोचून आल्या.

"अहो प्रल्हादभाऊ, पाणी नका टाकू! राख वली झाली त भांडे काय तुमच्या बंबानं घासू?"

सगळे हसले. मीही हसलो. बायकांनी घमेल्याने राख गोणपाटाच्या पोत्यात भरली. दंव पडून भिजू नये म्हणून वहिनींनी ते पोतं गंजीच्या आडोशाला ठेवायला सांगितलं. गुलाबने पोतं उचललं आणि दोन पावलं जाऊन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाला,

"गरम शे, भाऊ."

मी पान चघळत उठलो. पोत्याला तळहात लावला. तळहात, पाठ नाही. आणि पंचवीस माणसांसमोर म्हणालो,

"अरे, ही ऊब आहे, विस्तव नाही. एवढा काय घाबरतोस? मी बंबावरचा माणूस आहे."

आबा म्हणाले, "गुलाब, तू आता साहेबाले आग शिकव!" पुन्हा हशा झाला. गुलाबने पोतं गंजीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला वर्दी आली. गाव आबांचं होतं. बंब हलायच्या आत मला कारण ठाऊक होतं. युसूफभाईही माझ्या मागोमाग धुळ्याहून याच नगरपालिकेत आले होते. त्यांनी वाटेत दोनदा विचारलं, "नाना, बरं नाही का?"

पोचलो तेव्हा गंजी निम्मी गेली होती आणि जाळ शेजारच्या दगडूनानांच्या गोठ्यावर चढला होता. माणूस कोणी दगावलं नाही. गुलाब आणि त्याची बायको आम्ही यायच्या आधीपासून पाणी मारत होते. दगडूनानांची तीन जनावरं गुलाबनेच दावी तोडून बाहेर काढली, एक म्हैस राहिली. ती दुभती होती. तिच्या आवाजाचं मी वर्णन करणार नाही. दोन तासांनी सगळं विझलं. गंजीच्या ज्या कोपऱ्यापासून आग सुरू झाली तिथे पोत्याची जळकी किनार होती, आणि तिच्याभोवती मऊ पांढरी राख. मी तिथे बुटाने उकरल्यासारखं केलं आणि ती किनार चिखलात दाबली. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही.

पंचनाम्याला पोलीस पाटील बसले. दगडूनाना पारावर डोकं धरून होते. ते एकच विचारत होते, "कोणी केलं हे? मले नाव सांगा." वसंतआबा माझ्याकडे बघत होते. पाटील म्हणाले, "तुम्ही जाणकार, तुम्ही सांगा. कारण काय लिहू?"

मी म्हणालो, "कोणीतरी विडी टाकली असावी."

एवढंच. 'कोणीतरी.' पुढे कितीतरी वर्षं मी या एका शब्दाच्या आडोशाला राहिलो. मी कुठे कोणाचं नाव घेतलं होतं? पण त्या खळ्यात राहणारा माणूस एकच होता. पारावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्या वळणार हे मला बोलायच्या आधी माहीत होतं. गुलाबचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते. तो उठून उभा राहिला.

"मी विडी पेस नही, भाऊ."

कोणीतरी ओरडलं, "सगळे असंच म्हणतात!" त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तो माझ्याकडे बघत होता. गुलाब तंबाखू मळून खायचा. त्याच्याकडे आगपेटीसुद्धा नसायची, चुलीला विस्तव तो आबांच्या घरून आणायचा. हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं, वहिनींना माहीत होतं. आम्ही तिघेही खाली बघत राहिलो. मी कचेरीत परतलो आणि रिपोर्टच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आगीचे कारण: सालदाराने निष्काळजीपणे टाकलेली जळती विडी.' पारावर 'कोणीतरी' म्हणालो होतो. कागदावर 'सालदार' झालं. त्या रकान्यात 'कोणीतरी' बरं दिसत नव्हतं.

गुलाब आठ दिवसांनी गाव सोडून गेला. पुढे माझा हुद्दा वाढला. शाळांमधून मला आगीविषयी बोलायला बोलावू लागले. भरीत पार्ट्यांवर मी इतका तावातावाने बोलायचो की लोक म्हणत, नानांना कामाची फार तळमळ. बायकोला वाटायचं रक्तदाब. मी चिडायचो ते समोरच्या मास्तरांवर, त्या स्कूटरवाल्यावर, वारा नव्हता म्हणणाऱ्या प्रत्येक माणसावर. "राख ओली झाली की भांडी कशाने घासू?" असं कुठल्याही बाईने म्हटलं की माझा आवाज चढायचा. आता लक्षात येतं, मी इतकी वर्षं एकाच माणसावर ओरडत होतो आणि तो माणूस माझ्याच गणवेशात होता.

निवृत्त झालो त्या वर्षी वसंतआबा वारले. दहाव्याला वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "प्रल्हादभाऊ, ते पोतं मीच ठेवायले लावलं होतं. मी बोलनार होती. पण तुम्ही एवढे बंबवाले, तुम्ही विडी म्हटलं, मंग मी काय बोलू?" चूक माझी होती, ती मीच निस्तरायला हवी होती.

गेल्या थंडीत मी गुलाबला शोधत गेलो. यावलहून एसटी, तिथून जीप, मग चालत. एका चहाच्या टपरीवर चौकशी केली, गुलाब कुठे राहतो म्हणून. टपरीवाला विचारात पडला. इथे गुलाब तीन आहेत म्हणाला. मग एकदम म्हणाला, "हां, गुलाब विडी का?"

मी विचारलं, "विडी का म्हणता?"

"काय माहीत. पहिल्यापासून तेच नाव शे. तेस्ना पोऱ्यालेबी विडीवालाच म्हणतस. केळीच्या बागांत कोणी सालदार ठेवत नाही म्हणे त्यांना, आग लावतात म्हणून." आणि हसून पुढे म्हणाला, "गंमत अशी की म्हातारा विडी ओढतच नाही!"

गुलाबने मला लगेच ओळखलं. अंगणात खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितला. बाहेरच तीन दगडांच्या चुलीवर चहा झाला. मी घरून पाठ करून आलो होतो, ते सगळं बोललो. पोतं, तळहात, ती जळकी किनार, रकाना. माझं संपल्यावर गुलाब म्हणाला,

"हाई माले कशाले सांगस, भाऊ? माले तं माहीत शे."

मी म्हटलं, "मग मी काय करू? तू सांग."

तो म्हणाला, "जठे लिखं व्हतं, तठे लिख."

त्याची बायको चुलीपासून म्हणाली, "आनि मोठ्याने वाच म्हना."

चहा झाला. गुलाब उठला. बोलता बोलता त्याने तांब्या चुलीवर ओतला, काटकीने राख उलथली, पुन्हा ओतला. मग हाताची पाठ राखेजवळ नेली आणि तशीच थोडा वेळ ठेवली. त्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. हे मला दाखवण्यासाठी चाललं नव्हतं, रोजचंच होतं. इतकी वर्षं मी शाळाशाळांतून शिकवत होतो ते तो माणूस घरात करत होता.

परत आल्यावर मी आमच्या जुन्या कचेरीत गेलो. त्या वर्षाची नोंदवही काढा, मला एका आगीचं कारण दुरुस्त करायचं आहे, असं सांगितलं. तिथला कारकून माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तो आधी नीट ऐकून घेत होता, मग त्याला हसू आवरेना. "नाना, त्या वह्या वाळवीने खाल्ल्या. रद्दीत गेल्या. तुम्ही कशाला त्रास करून घेता? आता काही राहिलेलं नाही."

मी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो आणि फार चिडलो. वही वाळवीने खाल्ली, म्हणजे माझं खोटं गेलं. पण त्या खोट्याने दिलेलं नाव तिकडे टपरीवर चांगलं धडधाकट आहे आणि पुढच्या पिढीला लागलं आहे. कागद नाही, म्हणून दुरुस्त करायला जागाही नाही. तेव्हा संपादकांनी मागितलेली ही पानं मी त्या रकान्यासाठी वापरतो आहे. हा अंक दोन्ही जिल्ह्यांत जातो, वाचनालयांत जातो, सावद्याला जातो, त्या गावच्या पारावरही कोणीतरी वाचेल. मोठ्याने वाचावा अशी विनंती आहे. एक प्रत मी स्वतः पाड्यावर घेऊन जाणार आहे. आधी टपरीवर देईन, मग गुलाबकडे.

आगीचे कारण: भरताची कोरडी राख, न विझवता पोत्यात भरून काड्यांच्या गंजीला टेकवून ठेवली. पाणी टाकू का, असे सालदार गुलाब याने विचारले होते. पोते गरम आहे, असेही त्याने सांगितले होते. 'ऊब आहे, विस्तव नाही' असे म्हणून ते ठेवू देणारा माणूस: लीडिंग फायरमन प्रल्हाद, म्हणजे मी.

गुलाबने विडी कधीच ओढली नाही. त्याला किंवा त्याच्या मुलाला यापुढे कोणी विडीवाला म्हणू नये. गावाला नाव ठेवल्याशिवाय चैन पडत नसेल तर माझं नाव मोकळं आहे.